सात म्हातारे, एक नाव

नारिन, १४ सप्टेंबर

घरधनी यांस,

इकडे सगळं ठीक. बटाटे काढून झाले, लाल गायीला कालवड झाली. वर कुरणात घोड्या बऱ्या असतील. त्यांना तुमच्यापेक्षा अक्कल जास्त.

लोकरकापणीच्या वेळी शहरच्या डॉक्टरीणबाई नुरझामाल साठीपुढच्यांचं रक्त घ्यायला आल्या होत्या ना? तुम्ही रक्त दिलंत आणि "मी घोड्यासारखा आहे, दुखणी बायकांना होतात," म्हणत तरातरा निघून गेलात. नर्सने बाटलीवर लिहायला तुमचं नाव मला विचारलं. एक्कावन्न वर्षांत मी ते कधी तोंडातून काढलंय? म्हटलं, "आमचा म्हातारा." तिने तेच लिहिलं.

काल निकाल घ्यायला गेले तर बाई कपाळाला हात लावून बसलेल्या. "आजी, असे सात 'आमचे म्हातारे' आहेत माझ्याकडे! कोण कुणाचा?"

"ज्याचं रक्त सगळ्यांत तापट, तो माझा."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, एक विषाणू लहानपणीच अंगात शिरतो आणि जन्मभर मुक्काम ठोकतो. एरवी त्रास देत नाही, पण अंगातले राखणदार त्याच्यावर डोळा ठेवून ठेवून दमतात. माझंही रक्त घेतलं होतं, तो माझ्याही अंगात आहे. माझे राखणदार अजून टुणटुणीत. त्या सातांपैकी पाचांचे पार थकलेत. बायकांपेक्षा पुरुषांचे जास्त थकलेले दिसतात म्हणे. का, ते त्यांनाही पुरतं उमगलेलं नाही. अशांनी हिवाळ्याआधी फ्लूची लस घ्यायलाच हवी. लसवाले गुरुवारी शेवटचे येणार, आणि यादीत नाव असेल त्यालाच टोचणार.

गेल्या जानेवारीत तुमची छाती भात्यासारखी वाजत होती, तेव्हा "नाटकं पुरे" म्हणून मी बर्फ लोटायला बाहेर गेले होते. अंगण आधीच साफ होतं; डोळे पुसायला गेले होते.

म्हणून काल घेतलं तुमचं नाव. भरल्या दवाखान्यात, तुमच्या वहिनीसमोर. तिने रुमाल तोंडाशी धरला. नर्स सावकाश लिहिते, म्हणून दुसऱ्यांदाही घेतलं. छप्पर कोसळलं नाही.

गुरुवारी इसाकच्या दुधाच्या गाडीत बसा. घोड्यांकडे तुमचा भाऊ बघेल. पाच जणांत तुम्ही आहात की उरलेल्या दोघांत, ते मला जाणून घ्यायचंच नाही. दंड उघडा करायचा, बस.

लाज तर काल गेलीच, आता कागदावरही लिहिते.

झुमाकादीर, खाली या.

सोनुनबुबू