पुन्हा साक्षीदार मीच

३ फेब्रुवारी, सोमवार
पुन्हा साक्षीदार! लॉ कॉलेजच्या अभिरूप न्यायालयात दोन वर्षं मी पिंजऱ्यातच उभा आहे. पिंजरा म्हणजे वाचनालयातलं उलटं केलेलं टेबल! आज धारूरकर सरांना म्हटलं, या वेळी मला वकील करा की. सर हसले. "अरे व्यंकट, तुझी भाषा कशी अस्सल आहे! साक्षीदारच शोभतोस."
म्हणजे हिमायतनगरच्या माणसाने नुसतं पाहायचं. विचारायचं नाही. वकील कोण, तर वर्गातली ऋतुजा. 'माय लॉर्ड' अशी म्हणते, की भिंतीवरच्या पालीनेही उठून उभं राहावं.

६ फेब्रुवारी
सरांनी उलटतपासणी शिकवली. प्रश्न असा टाका, की समोरच्याला 'हो' किंवा 'नाही' एवढंच म्हणता यावं. खोलीवर आरशासमोर सराव केला. आरसा सगळ्याला हो म्हणाला.

१० फेब्रुवारी
काळा कोट शिवून आला. आईला फोटो पाठवला. लगेच फोन — "लई साहेब दिसायलास! कोन्च्या केसमंदी उभा ऱ्हाणार?"
साक्षीदार आहे, हे सांगवलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार — लातूर
स्पर्धेत हरलो. पण उत्कृष्ट साक्षीदार — मी! खटला विहिरीवरच्या मोटारीच्या चोरीचा. न पाहिलेली विहीर, न झालेली चोरी अशी रंगवली, की समोरच्या कॉलेजचा वकील प्रश्नच विसरला.
परीक्षक वीरभद्र वकील — लातुरातलं बडं नाव! पाठीवर थाप मारून म्हणाले, "शनिवारी ऑफिसला ये. काम हाय तुझ्यासाठी."
त्यांचा ज्युनियर! मी! ऋतुजाने अभिनंदन केलं. तोंड मिरची चावल्यासारखं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
कोट घालून गेलो. वीरभद्र वकिलांनी चहा मागवला आणि म्हणाले, "कोट काढ आधी. साक्षीदाराला कोट कशाला?"
मारामारीची केस. त्या दिवशी मी चौकात होतो, त्यांच्या अशिलाने हात उचलला नाही, एवढं कोर्टात सांगायचं.
"मी तिथं नव्हतो, साहेब."
"विहिरीवर तरी कुठं होतास? किती झ्याक बोललास!"
डोकंच फिरलं. "तुम्ही मला खोटी साक्ष दे म्हणायलात. हो का न्हाई? एवढंच सांगा."
वकिलांनी कप खाली ठेवला. 
माझी पहिली उलटतपासणी. कोट अंगावरच होता!