दोन्ही पाय एका बाजूला

दिनांक ९ जानेवारी

भाऊजी,

वहिनीचा आशीर्वाद. वयानं तुम्ही माझ्याहून वर्षभर मोठे असाल, पण नात्यानं मी मोठी, तेव्हा गुपचूप घ्यायचा.

इकडे मी ठीक. गुडघे कुरकुरतात, दात एकेक करून रजेवर चाललेत, जीभ मात्र पूर्ण वेळ कामावर आहे. जाऊबाईंना सांगा, त्यांनी विणलेला स्वेटर छान आहे, फक्त मी त्यात मावत नाही.

फोन का नाही केला, असं म्हणाल. फोन केला की तुम्ही ‘हं’ म्हणता, मग ‘हं हं’ म्हणता, आणि ‘घ्या, हिच्याशी बोला’ म्हणून जाऊबाईंच्या हातात देता. पत्राला हं म्हणता येत नाही. माझं गावच्या शाळेतलं शुद्धलेखन तुम्हाला ठाऊक आहे. ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसू नका, मजकूर वाचा.

तर बातमी अशी, की मी मागची शेड रिकामी करतेय. तीच, पत्र्याची, जिथे तुम्ही आणि तुमचे दादा सुट्टीच्या दिवशी त्या जुन्या फटफटीची हाडं काढून परत बसवायचात. मी चहा घेऊन आले की दोघंही मान वर न करता, ‘तिथं ठेव’, ‘तिथं ठेवा’. तिथं म्हणजे कुठं, ते कधी कळलं नाही. शेवटी तेलाच्या डब्यावर ठेवायचे, आणि चहाला तेलाचा वास येतो म्हणून मलाच बोलायचात.

तुम्ही या घरी येणं सोडल्यावर ह्यांनी त्या शेडचं काय केलं, ते तुम्ही बघितलं नाहीत. सामान भरलं. पाय मोडलेल्या खुर्च्या, शेजाऱ्यांनी टाकून दिलेलं कपाट, वाळलेले रंगाचे डबे, पात्यांशिवायचा पंखा आणि पंख्याशिवायची पाती. मी ओरडायचे, “अहो, हे कशाला?” की ठरलेलं उत्तर, “असू दे, लागेल कधीतरी.” पाय ठेवायला जागा उरली नाही तेव्हा बाहेरून कडी घातली. मग मरेपर्यंत ती कडी काही काढली नाही. मी समजत होते, म्हातारपणाचा हावरटपणा.

आता मी काढली. समोरची शिंपीण विचारते, “काकू, रिकामी करून भाड्यानं देणार का?”

म्हटलं, “नाही गं, गाडीची खोली करणार. हौसेची. फटफटी दुरुस्त करणार.”

“तुम्हाला येते?”

“नाही. पण शिकेन, आणि पहिली चक्कर तुझ्या नवऱ्याला मागे बसवून मारेन.”

“न्या की. परत आणायची घाई करू नका.”

वायरमननं ट्यूब लावून दिली. भिंतीवर प्लायवूडची फळी ठोकून घेतली, तिच्यावर एकेक पाना ठेवून भोवती पेन्सिलीनं रेघ ओढली, म्हणजे कुठला कुठे टांगायचा ते आंधळ्यालाही कळावं. एका पान्याची आकृती अंदाजानं काढलीय, कारण पाना जागेवर नाही. चौदाचा. तो त्या दिवशी तुमच्या पॅन्टच्या खिशात गेला. चोर कुठले!

सुतारानं कामाचं टेबल करायला घेतलं. म्हणाला, “काकू, उंची किती ठेवू?”

“कमरेला लागेल इतकी.”

तो माझ्या कमरेला टेप लावायला लागला. म्हटलं, “माझ्या नव्हे.”

“मग कुणाच्या?”

“माझं डोकं ज्याच्या खांद्याला लागतं, त्याच्या.”

त्यानं पुढे विचारलं नाही. शहाणा माणूस आहे.

सामानाच्या तळाला पोचलेय आता. सगळ्यात खाली ताडपत्री आहे. तिच्याखाली काय आहे ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. आज तिथवर आले आणि दमले म्हणून घरात येऊन बसले. दमलेच होते, दुसरं काही नाही.

पाना घेऊन या. पोस्टानं पाठवू नका, पोस्टमनची पिशवी फाटेल.

वहिनी


दिनांक २ फेब्रुवारी

भाऊजी,

आशीर्वाद. तुमचं कार्ड मिळालं. “गाडी भंगारात द्या. मला बोलावू नका.” संपलं. एवढ्यासाठी अख्खं कार्ड वाया घालवलंत. उरलेल्या जागेत मी हिशोबाची बेरीज-वजाबाकी केली असती. पण पाना काही पाठवला नाहीत, तेव्हा अगदीच तोडलेलं दिसत नाही.

तुमचा मान ठेवायचा म्हणून भंगारवाल्याला बोलावलं. तो वजनकाटा घेऊन आला. त्याच्यासमोर मी ताडपत्री ओढली. टाकीवरचा वाघाचा स्टिकर अजून आहे, भाऊजी. एक कान गेलाय त्याचा, बाकी वाघ तसाच डरकाळी फोडत बसलाय. भंगारवाल्यानं हॅन्डलला हात लावला आणि मी त्याला म्हटलं, “आधी माझं वजन कर आणि मला ने.” बिचारा काटा घेऊन जो पळाला, तो अजून या गल्लीत फिरकला नाही.

स्टिकर कुणी चिकटवला ते मी लिहिणार नव्हते. पण या घरात त्याचं नाव घ्यायला उरलंय कोण? मी नाव काढलं की हे ताटावरून उठायचे. तुम्ही तर उंबरठाच सोडलात. नाव असं वापरात नसलं की गंजतं हो. म्हणून लिहिते. फटफट्या. आमचा फटफट्या. तुम्हीच ठेवलेलं नाव, चालायला लागायच्या आधी तोंडानं गाडी चालवायचा म्हणून. सगळ्या घरभर थुंकी. मोठा झाला तरी तुम्ही गल्लीच्या तोंडाशी उभे राहून त्याच नावानं हाक मारायचात, आणि तो मित्रांसमोर लाजून चूर व्हायचा.

बघा, लिहिलं. हात काही गळून पडला नाही.

तुम्ही सुट्टीच्या दिवशी मागच्या चाकाचे ब्रेकचे लायनर बदललेत. दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन कॉलेजला निघाला आणि उतारावर गाडी थांबली नाही. घर माणसांनी भरलेलं असताना ह्यांनी तुम्हाला एकच विचारलं, “ब्रेक कुणी बांधला होता?” तुम्ही म्हणालात, “मी.” हे गप्प बसले. तुम्ही माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, “जातो, वहिनी.”

जातो! परक्याच्या घरून निघतानासुद्धा माणूस येतो म्हणतो.

ह्यांच्या वेळी तुम्ही आलात ते फाटकाशीच उभे राहिलात. मला वाटलं, गर्दी ओसरली की बोलू. गर्दी ओसरली तेव्हा फाटक रिकामं होतं.

जाऊबाईंनी मागे सांगितलं, घरात बल्ब बदलायचा तरी तुम्ही शेजाऱ्याला बोलावता. हे तेच हात, ज्यांनी माझ्या खडखडणाऱ्या शिलाई मशीनचं तोंड बंद केलं होतं. किती वर्षं शिक्षा करणार त्यांना?

गाडी भंगारात जाणार नाही. रागवायचं असेल तर इथे येऊन रागवा.

वहिनी


दिनांक २० फेब्रुवारी

भाऊजी,

आशीर्वाद-बिशीर्वाद राहू दे. आधी हे वाचा, आणि बसून वाचा.

कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री आला होता, तो जाडा, जो गाडीखाली गेला की बाहेर ओढून काढायला दुसरं माणूस लागतं. त्यानं आणि मी मिळून फटफटी ट्यूबच्या उजेडात आणली. चिंध्यांनी पुसली. मी रडले नाही. गाडीशी बोलले थोडं, पण ते मी कुकरशीही बोलते.

मिस्त्री म्हणाला, “मागचं चाक आधी काढू.” पाना लावायला वाकला, आणि मीही वाकले, नुसती बघायला.

तुम्हाला ती दोन पायांची पिन आठवते? नट सुटून येऊ नये म्हणून त्याच्यातून घालून पाय वाकवायचे ती. तिच्यावरून तुम्हा भावांची दर खेपेला जुंपायची. तुम्ही एक पाय इकडे वळवायचात, एक तिकडे, पहिलवान उभा राहिल्यासारखी. हे म्हणायचे, “हे काय काम आहे? कपडे अडकतील.” ह्यांची पिन म्हणजे दोन्ही पाय एका बाजूला, एकावर एक, नीट चेपलेले. मी दोघांना हसायचे. म्हणायचे, भाऊजींची पिन कुस्तीला निघालीय, आणि ह्यांची पिन म्हणजे मी, ह्यांच्या मागे साडी सावरून एका अंगानं बसलेली. हे लाजायचे. कधी नव्हे ते लाजायचे म्हणून मी पुन्हा पुन्हा म्हणायचे.

भाऊजी, त्या चाकाच्या नटात मी बसलेय. दोन्ही पाय एका बाजूला.

मी मिस्त्रीला म्हटलं, “थांब.” तो म्हणाला, “काय झालं काकू?” म्हटलं, “पाना खाली ठेव आणि घरी जा.” त्याला वाटलं, म्हातारी फिरली. गेला बिचारा.

चाक तुम्ही बांधलंत. तुमची पिन मी डोळ्यांनी बघितली होती, त्याच सुट्टीच्या दिवशी, दुपारचा चहा तेलाच्या डब्यावर ठेवताना. पहिलवान उभा होता. म्हणजे तुमच्यानंतर ह्यांनी ती काढली, चाक उघडलं, काहीतरी केलं किंवा बघितलं, आणि आपल्या पद्धतीनं परत बांधलं.

कधी? त्याच संध्याकाळी, तुम्ही हात धुऊन घरी गेल्यावर? तुमचं काम ह्यांना कधी पटलंय? तुमची पाठ वळली की तुमचा आवळलेला नट पुन्हा आवळल्याशिवाय ह्यांना जेवण जायचं नाही. तसं असेल तर ब्रेक शेवटचा बांधला कुणी, ते ह्यांना माहीत होतं आणि तरी तुम्हाला विचारलं.

की नंतर? गाडी घरी आणून टाकल्यावर एकटेच शेडमध्ये बसून उघडलं, काय चुकलंय ते शोधलं, आणि काही चुकलेलं सापडलं नाही? चूक सापडली असती तर ती तुम्हाला ऐकवल्याशिवाय हे राहिले नसते. आणि सापडली नसेल तर तुम्हाला एक निरोप धाडला असता तरी पुरे होतं. नाही धाडला. त्याऐवजी खुर्च्या रचल्या. कपाट रचलं. लागेल कधीतरी.

आधी की नंतर, ते पिन सांगत नाही. मिस्त्रीला दुसऱ्या दिवशी गाठून विचारलं, ब्रेक उघडून काही कळेल का? म्हणाला, “काकू, आता आत सगळा गंज. गंज काय बोलणार?”

तेव्हा मला कधीच कळणार नाही. ह्यांच्याशेजारी इतकी वर्षं झोपले. मी पाठीवर हात फिरवायचे, हे झोप लागत नाही म्हणायचे म्हणून. त्या पाठीत काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. भांडायचं म्हटलं तर समोर माणूस नाही. फोटोशी भांडून बघितलं. हसतोच आहे. शेवटी उलटा करून ठेवला, संध्याकाळी परत सुलटा केला. काय करू? पोरगं गेलं तेव्हा निदान नवरा होता. आता नवरा गेला, आणि जो गेला तो कोण होता, तेही हातातून निसटलं. दोघांचं एकदम रडू येतं, आणि कुणासाठी किती, ते कळत नाही.

पण एक कळतं. आधी असो की नंतर, तुमच्या हातांनी काही केलेलं नाही. तुम्ही ‘मी’ म्हणालात ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं, आणि उरलेलं अर्धं ज्यांना माहीत होतं ते गप्प बसले. माझ्या नवऱ्याच्या वतीनं मी माफी मागणार नाही. ती त्यांनी मागायची होती. मी फक्त तुम्हाला सांगतेय, कारण मला दिसलं.

पिनला मी हात लावलेला नाही, मिस्त्रीलाही लावू दिला नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. वाकून, चष्मा लावून बघा. बघून झालं की तुम्हीच काढा. मग शेडमध्ये बसा, शिव्या द्या, रडा, काहीही करा, मी चहा तेलाच्या डब्यावर ठेवून निघून जाईन.

टेबल झालंय. माझ्या छातीला लागतं. त्यावर मला कांदासुद्धा चिरता येणार नाही, मग फटफटी कसली शिकते! शिंपिणीला मी खोटं सांगितलं, तिचा नवरा वाचला. खोली कुणाची आहे ते सुताराला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुम्हाला एव्हाना कळलं असेल.

त्या दिवशी तुम्ही ‘जातो’ म्हणालात ते मी ऐकलं नाही, असं मी ठरवलंय. घरात इतकी माणसं होती, गलका होता, नाही आलं ऐकू. पण मग तुम्ही न सांगताच गेलात असं होतं, आणि तसं आपल्यात चालत नाही. तेव्हा एकदा या. उंबऱ्यावर उभे राहून ‘येतो’ म्हणा. मग लगेच उलट पावली गेलात तरी मी अडवणार नाही.

नवी पिन आणून टेबलावर ठेवलीय. पाय अजून सरळ आहेत.

तुमची वाट बिट काही बघत नाही असं गल्लीभर सांगत सुटलेली,
फटफट्याची आई