शिडीवरचा मजूर

विठ्ठलवाडी, मंगळवार

आदरणीय जाईआत्यास,

राकेशचा सविनय जय भीम. तुझा गुडघा कसा आहे? वागळे इस्टेटच्या त्या तेलवाल्याचं तेल बंद केलंस की अजून चोळतेसच? इकडे मी, वैशाली आणि नील, तिघंही मजेत आहोत. (मी मजेत नाही, पण पत्राची सुरुवात अशीच करायची हे तूच मला शिकवलंस.) फोन केला असता, पण फोनवर तू तिसऱ्या मिनिटाला ‘बरं ठेवते, डाळ लागेल’ म्हणतेस, आणि माझं दुखणं तीन मिनिटांत मावणारं नाही.

तर नीलच्या शाळेने यंदा आंतरशालेय चित्रकला स्पर्धा घ्यायची ठरवली आणि पालकांमधून स्वयंसेवक मागितले. मी हात वर केला. खरं सांगतो, समाजसेवा वगैरे काही मनात नव्हतं. नील आता चौथीत आहे, आणि त्याच्या लेखी बाप म्हणजे सकाळी डबा घेऊन जाणारा आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन येणारा इसम. आपल्या बापाच्या हातात माइक आहे, मुख्याध्यापिका त्याला ‘सर’ म्हणताहेत, हे त्याने एकदा पाहावं, एवढीच इच्छा होती. स्पर्धेचा विषयही मीच सुचवला : ‘मला ज्यांच्यासारखं व्हायचंय’. (माझा हेतू तुझ्या लक्षात आला असेलच. समितीत कुणाच्या आला नाही.)

महिनाभर मी राबलो. चौदा शाळांना पत्रं, मुलांच्या याद्या, बसायच्या जागांचा नकाशा, सगळं माझ्या हातचं. शिवाय बोर्डाच्या पेपरसारखी पद्धत काढली. मुलाने कागदाच्या मागे कोपऱ्यात नाव लिहायचं, तो कोपरा दुमडून डिंकाने चिकटवायचा आणि वर नुसता नंबर. पालक-स्वयंसेवकाने चित्रांना हात लावायचा नाही हा नियम क्रमांक एक, तोही मीच लिहिला. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि आठवडा उरला असताना शाळेचं मैदान पाइपलाइनसाठी खणलं गेलं.

इथे विकी उगवला. विकी म्हणजे नीलच्या वर्गातल्या एका मुलीचा बाप. शहाडकडचे हे जुने जमीनवाले, स्वतःचा लग्नाचा हॉल आहे. पांढरा शर्ट, काळा गॉगल आणि गळ्यात चेन, जिने आपल्या चाळीतली सायकल बांधता आली असती. तो समितीच्या सभेला शेवटची पाच मिनिटं आला आणि म्हणाला, “सगला व्हईल रे राकेशभाऊ, टेन्शन नको घेऊ. आपला हॉल हाय ना!” झालं. त्या पाच मिनिटांत माझा महिना पुसला गेला. दुसऱ्या दिवसापासून ती ‘विकीदादांची स्पर्धा’ झाली. आपली वैशालीसुद्धा म्हणाली, “किती साधा माणूस आहे नाही!” आत्या, अंगावर किलोभर सोनं घालून माणूस साधा दिसतो, आणि मी दोन शर्ट आलटून पालटून वापरतो तर मला मात्र ‘जरा नीटनेटके राहा’!

स्पर्धेच्या सकाळी मी शिडीवर चढून बॅनर बांधत होतो. सुतळी दातात, चष्मा नाकाच्या टोकावर. खाली दोनशे बारा मुलं बसली होती आणि विकी दारात खुर्ची टाकून येईल त्याला “जेवून जायचा हां” म्हणत होता. माइकही त्याच्याच हातात होता. (माझ्याही हातात आला होता, पण तेव्हा तो बंद होता आणि मी तो दुरुस्तीला नेत होतो.)

परीक्षक म्हणून परशुराम सर आले होते, चाळीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांना मी बिस्किट-चहा सांगितला होता. पण विकीच्या दारी आलेला माणूस उपाशी परत जात नाही. त्याची आई ठमाबाई तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलांचं कालवण घेऊन आली. सर दोन भाकऱ्यांनंतर उठू लागले तर म्हणते, “बसा वो सर, पोरांची चित्रा काय पलून नाय जात!” पाचव्या भाकरीनंतर सर मला म्हणाले, “राकेशराव, तुम्ही पहिली चाळणी करा, वीसेक चित्रं काढून ठेवा,” आणि खुर्चीतच घोरू लागले.

नियम क्रमांक एक मला पाठ होता. तरी मी गठ्ठा उघडला.

पहिल्या पंचविसांतच एक चित्र सापडलं : किडकिडीत माणूस, डोळ्यांवर चष्मा, हातात पेन, पुढे रजिस्टर. हा तर मीच, ऑफिसातला! म्हणजे चित्र नीलचंच! ते मी सगळ्यात वर ठेवलं. पुढे आलं नंबर एकशे अठरा. गॉगलवाला माणूस सिंहासनासारख्या खुर्चीत, गळ्यात चेन, भोवती माणसं जेवताहेत, आणि कोपऱ्यात शिडीवर एक काडीसारखा इसम. हे विकीच्या मुलीचं, यात मला तिळमात्र शंका नव्हती. रंग सुरेख होते, म्हणून तर जास्त राग आला. मी चिठ्ठीवर लिहिलं, ‘गर्दी फार. शिडीवरचा मजूर अनावश्यक,’ आणि चित्र बाद गठ्ठ्याच्या तळाशी सारलं.

सर जागे झाले ते पार ताजेतवाने. जुने शिक्षक, त्यांनी आधी बादचा गठ्ठा मागितला. एकशे अठरा बाहेर काढलं, बराच वेळ पाहिलं, माझी चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि म्हणाले, “तो मजूर आहे म्हणून तर चित्र उभं आहे. पहिला नंबर.” सगळ्यांसमोर दुमडलेला कोपरा उघडला. नील राकेश, इयत्ता चौथी. (माझ्या चष्मेवाल्याचा कोपराही उघडला. कुठल्याशा मुलीचे तलाठी ऑफिसातले मामा निघाले.)

आत्या, घरी हे पोर फक्त रोबोट काढतं, मी ओळखणार कसं? रिक्षात मी त्याला विचारलं, विकीकाकासारखं का व्हायचंय? तर म्हणाला, “ते सगळ्यांना जेवायला घालतात.” मग म्हणाला, “पण पप्पा, तुला पण काढलाय ना, शिडीवर!” त्या इसमाला तोंडसुद्धा नाही. विचारलं, तर म्हणे तू भिंतीकडे बघत होतास. मी जळलो गं. पोटच्या पोराच्या चित्रात आपण कोपऱ्यात आणि मध्यभागी दुसराच माणूस, हे बघून ज्याला वाईट वाटत नाही तो बाप नव्हे.

असो. विकीबद्दल माझ्या मनात आता काहीही नाही. गुडघ्याला जप. सर्वांचं मंगल होवो.

तुझा,
राकेश

ता.क. : बक्षीस समारंभ येत्या रविवारी आहे. बक्षीस विकीच्या हस्ते. वडील म्हणून मलाही स्टेजवर बोलावणार आहेत, त्याच्या शेजारी.

ता.क. २ : पत्र लिहिण्याचं खरं कारण. बाबांची लग्नातली सोन्याची चेन तुझ्या कपाटात आहे, ती एका दिवसापुरती दे. शनिवारी येऊन घेऊन जाईन. गॉगल मी घेतला आहे.

ता.क. ३ : हे कुणालाही सांगू नकोस, वैशालीला तर मुळीच नाही, ती लगेच विकीच्या बायकोला सांगेल. आणि विकीला कळलं, तर तो पठ्ठ्या स्वतःची चेन काढून माझ्या गळ्यात घालील आणि वर म्हणेल, जेवून जायचा हां. खरोखरच तसा माणूस आहे तो. तेच तर माझं दुखणं आहे.