अंगरख्याचं माप

आई,

आज सकाळी शेजारणीचा नातू दारात उभा राहिला, मी त्याच्या खांद्यावर मापाची फीत धरली, आणि तुझी आठवण झाली, असं लिहिणार होते. पण तुझी आठवण व्हायला तू कधी मनातून गेलीसच नव्हतीस. असो. जन्मभर नर्सचं काम केलं, उगाच गळा काढत बसणं मला जमत नाही आणि तुलाही ते खपलं नसतं. तेव्हा आधी शनिवारच्या वर्गाचं लिहिते.

दुसरी लढाई तेव्हा अजून सुरू व्हायची होती. नाशकात आपल्या बेने इस्राएल ज्यूंची घरं बोटांवर मोजण्याइतकी. शब्बाथच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते पुरे व्हावेत म्हणून देवळाली कॅम्पातल्या कुणा ओळखीच्याला शुक्रवारीच जेवायला बोलावून ठेवावं लागे. मुंबईची माणसं सिनेगॉग म्हणत, आपण मशीद म्हणायचो, आणि ती होती मात्र भाड्याची माडी. खाली तांबटांचं दुकान. वर प्रार्थना चाले, खाली हंड्यांवर हातोड्या पडत, आणि कुणाचं कुणावाचून अडत नसे. मग छापखान्यात नोकरीला लागलेले एक गृहस्थ मुंबईहून आले आणि त्यांनी मोठ्या माणसांसाठी वर्ग काढला. आपण सगळे त्यांना मास्तर म्हणू लागलो. त्यांचं म्हणणं असं, की तुम्ही जन्मभर आमेन म्हणत आलात, निदान कशाला म्हणता ते तरी कळू द्या. शनिवारी दुपारी एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, आणि मधल्या स्टुलावर मास्तर. शब्बाथला लिहायचं नाही, म्हणून पाटी नाही की पेन्सिल नाही. पुस्तकातल्या अक्षरावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं.

तू पहिल्या दिवसापासून पुढे बसलीस. आठवडाभर तुझं शिवणाचं मशीन चालायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी त्यावर झाकण पडलं की तुझ्या हातांना काय करावं ते सुचायचं नाही. मी बघते आहे, तू मालेगावच्या हिरव्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घेऊन बसली आहेस, ओठ अक्षरं म्हणताहेत आणि बोटं पदराच्या काठाला नसलेली टीप घालताहेत. तू एकदा चुकलीस आणि मी सगळ्यांदेखत तुला दुरुस्त केलं. माझी फायनलची परीक्षा नुकतीच झाली होती, शहाणपणा उतू जात होता. जिना उतरताना तू म्हणालीस, "तुझ्या पोळीला किती कोपरे असतात, ते मी कधी चारचौघांत मोजलेत का?" माझ्या पोळ्या आजही गोल होत नाहीत.

नव्याच्या सणाला, वर्षाच्या पहिल्या दिवशी, वाचतात ती गोष्ट मास्तरांनी पावसाळ्याच्या शेवटी घेतली. मूल होत नाही म्हणून देवाच्या दारी नुसते ओठ हलवत रडणारी बाई. ती नवस बोलते, तिला मुलगा होतो, आणि दूध सुटल्यावर ती त्याला देवाच्या सेवेसाठी याजकाच्या हवाली करून घरी परतते. मग दर वर्षी एक लहानसा अंगरखा शिवून त्याला नेऊन देते. तिचं नाव म्हणजे नेमकं तुझ्या सासूबाईंचं नाव, त्यामुळे ते तू तोंडातून काढीनास. मास्तर म्हणाले, अहो, ही हजारो वर्षांपूर्वीची बाई, हिचा तुमच्या सासूशी काय संबंध? तू म्हणालीस, नाव तर तेच ना. तेव्हापासून वर्गात तिचं नाव 'ती अंगरखेवाली' असंच पडलं.

आणि मग तू विचारलंस, मुलगा याजकाकडे राहणार, आई वर्षातून एकदा भेटणार, तर अंगरख्याचं माप ती घेत कशी होती? मास्तर म्हणाले, ग्रंथात ते दिलेलं नाही. कुणी म्हणालं, ढगळच शिवत असेल. तुझं समाधान झालं नाही. ढगळ शिवला तर मुलाचं हसं होणार, आणि पोराच्या अंगाचं माप आईला ठाऊक नाही असं वर्षभर लोक म्हणणार. पुढे कितीतरी दिवस काज करताना तू मध्येच थांबायचीस आणि मान हलवायचीस. मला वाटायचं, शिवणाऱ्या बाईला सुचायचं ते तुला सुचलं. तुझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मला मागाहून कळलं.

कारण त्याच दिवसांत मुंबईच्या इस्पितळात नर्सिंग शिकायला मला घेतल्याचं कळलं होतं, आणि त्याच दिवसांत मामांनी इगतपुरीचं स्थळ आणलं होतं. मुलगा रेल्वेत, माणसं चांगली. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मामांचा शब्द घरात शेवटचा. त्यांचंही काही चुकीचं नव्हतं. एकुलती एक मुलगी, तीही नबीला मलिद्याचा नवस बोलून किती वर्षांनी झालेली, आणि ती परक्या शहरात परक्यांची भांडी घासत राहणार. ते 'भांडी' म्हणायचे आणि ती कसली भांडी ते बोलायचं टाळायचे. इगतपुरी म्हणजे दोन घटकांची वाट, लेक डोळ्यांसमोर राहिली असती. मी गेले तर तू त्या खोलीत मशीनपाशी एकटी. मला जायचं होतं, इतकं जायचं होतं की तुझ्या तोंडाकडे बघायची मला भीती वाटायची. मामा तुला विचारायचे, काय ठरवलंस? तू म्हणायचीस, खिरीचा सण होऊ दे.

नव्याच्या मागोमाग येणाऱ्या खिरीच्या सणाला मास्तरांनी कार्यक्रम ठेवला होता. वर्गातल्या प्रत्येकानं एक कथा उभ्यानं सांगायची, आपल्याकडे पूर्वीपासून चालत आलेल्या कीर्तनाच्या रीतीनं. तू अंगरखेवालीची घेतलीस. बाईमाणसानं कीर्तनाला उभं राहायचं, यावर थोडी कुजबुज झाली, पण मास्तर ऐकेनात. आणि पेटीवर मामाच, कारण आपल्यात पेटी दुसऱ्या कुणाला येतच नव्हती. खालच्या दुकानाच्या, आपल्या शेजारी राहणाऱ्या तांबटकाकूंनी भजनातले टाळ दिले, आणि लेकीला घेऊन जिन्यावर बसून त्या ऐकत राहिल्या. माडीभर नारळाच्या दुधातल्या खिरीचा वास. तू उभी राहिलीस आणि पहिलंच वाक्य म्हणालीस, "आमच्या सासूबाईंच्या नावाची एक बाई होती." सगळे हसले. हसणं थांबायच्या आत तुझा आवाज लागला होता.

तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. नवस झाला, बाळ झालं, त्याला पोचवणंही झालं. आणि मग ग्रंथात नाही ते तू सांगू लागलीस. शेजारणीचा मुलगा तिच्या मुलाच्याच महिन्यात जन्मलेला. ती त्याला हाक मारून उंबऱ्यात उभा करायची, त्याच्या अंगावर माप घ्यायची, आणि बोट बोट जास्त धरायची, कारण देवाघरी पोर जरा जास्तच वाढत असणार. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तू मात्र कोरडी. तू पेटीकडे वळलीस आणि म्हणालीस, "मागून घेतलेलं पोर आपल्यापाशी डांबून ठेवायचं नसतं. माझी मुंबईला जाईल. मी अंगरखा शिवीन." मामांचा भाता थांबला. तू त्याच सुरात म्हणालीस, "दादा, सूर सोडू नकोस."

आणि मामांनी सूर सोडला नाही. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि बोटं पट्ट्यांवर होती. देवासमोर, सगळ्या जमातीसमोर बोललेलं माघारी घेता येत नाही हे तुला ठाऊक होतं. मला वाटतं, तू मामांचा रस्ता बंद केलास तसा स्वतःचाही केलास. घरी बोलली असतीस तर सकाळपर्यंत तुझाच धीर सुटला असता.

मग दर वर्षी खिरीच्या सणाला इस्पितळात पुडकं यायचं, त्यात एक पोलकं. पहिली काही अगदी बेताची बसली. मग ती सैल होऊ लागली, पुढे इतकी सैल की माझ्याबरोबरच्या मुली विचारायच्या, तुझ्या आईला तू पैलवान वाटतेस का? मी टाके घालून ती आवळायची आणि वापरायची. का सैल होतात ते तुला विचारायचं राहूनच गेलं. तू गेलीस तेव्हा मी आले, आणि तांबटकाकूंची लेक, माझ्याच वयाची, दोन बाळंतपणांनी चांगली गोल झालेली, मला दारातच भेटली. म्हणाली, "दर साली मला उंबऱ्यात उभी करायच्या गं. मी म्हणायची, काकू, मी जाडी झाले, ती नसेल झाली. तर म्हणायच्या, होऊ दे तिलाही जाडी." मग म्हणाली, "माप घेताना म्हणायच्या, तोंड तिकडं कर. मागून बघितलं की आमचीच दिसतेस."

त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले. तोवर लोकांना चहा देत होते.

आता माझा मुलगा, सून आणि नातू इस्रायलला आहेत. मी नाशकातच आले परत, तुझ्याच खोलीत. माडीवर आता गोदाम आहे. आपली माणसं राहिली नाहीत, दहा पुरुष जमवायचे तर मुंबईला जावं लागेल. खीर मी करते आणि शेजारी देते. नातवाला दर वर्षी एक सदरा पाठवते. मापाला तांबटांच्या घरातलाच मुलगा उभा करते, तांबटकाकूंच्या त्या गोल झालेल्या लेकीचा नातू. शिवणं मला येत नाही, ते तू शिकवायच्या आधीच मी पळाले. कापड नाक्यावरच्या शिंप्याकडे टाकते आणि मुलाला कळवते की आजीनं हातानं शिवलंय. हे तुला हसायला म्हणून लिहिलं. कागद तुझ्या मशीनच्या झाकणाखाली ठेवून देईन, आज शनिवार नाही म्हणून लिहिता आला.

आणखी एक. त्या मुलाला मीही तोंड तिकडं करायला सांगते. त्याच्या आईनं का म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हटलं, मागून आमचाच दिसतो.

तो दिसत नाही, आई. जराही दिसत नाही. माझा चेहरा त्याला दिसू नये म्हणून मी सांगते. तुलाही मी तिच्यात कधी दिसले नसणार.