कुंकवाखालचा डोळा

गुरुजी, तुमच्या छत्रीची टकटक अजून माझ्या कानात आहे. वर्गात शिरण्याआधी तुम्ही ती व्हरांड्याच्या लाकडी खांबावर वाजवायचात, भर उन्हाळ्यातसुद्धा. ती ऐकली की आमचे चिंचोके खिशात जायचे, पाट्यांवरची चित्रं थुंकीनं पुसली जायची आणि आम्ही साधुसंतांसारखे बसायचो. एकदा एका धीट पोरानं विचारलंच, "गुरुजी, चुपचाप आलात तर आम्ही सगळे सापडू की." तुम्ही हसलात. "म्हणून तर वाजवतो. लेकराला लपवायला वेळ द्यावा लागतो रे. सगळंच सापडलं तर त्याच्यापाशी उरंल काय?"

तेव्हा ते कळलं नव्हतं. पण पुढे एके दिवशी बापाचा मार खाऊन मी शाळेत आलो आणि पाटीवर चार ओळी लिहिल्या, की नदीबाई, मला घेऊन जा, मी परत येणार न्हाई. मॉनिटरनं पाटी हिसकावली आणि धावत तुमच्याकडे नेली. तुम्ही ती हातात घेतली, न बघता तांब्यातलं पाणी ओतून धोतराच्या सोग्यानं पुसली आणि त्यालाच झापलं, "दुसऱ्याच्या पाटीवर डोळा ठेवतोस, मंग स्वतःच्या पाटीवर काय लिहिशील?" मला पाटी परत देताना हळूच म्हणालात, "वाचलं न्हाई मी. पुन्हा लिही. दाखवावं वाटलं तर दाखव." मला अजून दिसतंय, ओल्या पाटीवरून खडूचं पाणी ओघळतंय आणि मी रडत नाहीये. आयुष्यभर मी कवितांना जो जीव लावला, तो त्या पुसलेल्या पाटीपासून.

आता माझी नात नववीत आहे. तालुक्याच्या शाळेनं पोरांना लॅपटॉप दिलेत, घरी न्यायचे. खंडेनवमीला आम्ही विळे, कुदळी, शिलाई मशीन मांडली तेव्हा सूनबाईनं लॅपटॉपही मांडला आणि कपाळ असतं तिथं, वरच्या कडेला मधोमध, हळदीकुंकवाचं ठसठशीत बोट लावलं. दसऱ्याची सुट्टी संपली आणि पोरीची घरून परीक्षा होती. ती सुरू झाली नाही तोच शाळेतून फोन. "मॅडम, मुलगी दिसत न्हाई आम्हाला. सगळं लालच दिसायलंय."

"अहो, कुंकू हाये ते. पूजा केल्ती."

"बरं, पुसा जल्दी."

सूनबाईनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "मामंजी, आपली पोरगी आपल्या घरात बसलेली. ती त्यांना कशी काय दिसून राह्यली?" आम्ही खूप हसलो त्या दिवशी. हसण्यासारखंच होतं. कुंकवाखाली डोळा आहे, हे आम्हाला देवाच्या पूजेनं कळलं. परीक्षेपुरता तो उघडतो, असं शाळावाले म्हणाले. पण पोरगी काय लिहिते, काय पुसते, तेही तिकडे दिसतं, हे मात्र दिवाळीनंतर कळलं.

माझी बायको गेली त्याला फार दिवस झाले नाहीत. ती नातीला घेऊन मळ्यातल्या विहिरीच्या काठावर बसायची आणि पाण्यातलं आभाळ दाखवायची. पोरीनं त्याच्यावर लिहिलं, लॅपटॉपवर, कुणालाही न दाखवता:

विहिरी, तुझ्या पोटातलं आभाळ
माझ्या आभाळाहून निवांत आहे.
मला तिथं थोडं बसू दे.

शाळेच्या यंत्रानं त्यावर धोक्याची लाल खूण केली. मुलाला, सुनेला आणि मला शाळेत बोलावलं. तिला समोर उभं करून मुख्याध्यापकांनी त्या ओळी बातमी वाचावी तशा वाचल्या. ती जमिनीकडे बघत होती. मी म्हणालो, "सर, तुमच्या यंत्राला मराठी कळते, कविता कळते का?" ते भले गृहस्थ आहेत, चिडले नाहीत. म्हणाले, "आजोबा, उद्या काही झालं तर लोक कवितेला विचारतील का?" गुरुजी, याला उत्तर तुमच्याकडे होतं का?

त्या दिवसापासून मुलानं तिच्या खोलीची कडी काढून टाकली. सूनबाई तिच्याच अंथरुणात झोपते. मळ्यातल्या विहिरीवर लोखंडी जाळी बसली. शाळेच्या बसमध्ये पोरी म्हणतात, "ए विहीर, सरक ना तिकडं." पोरगी जेवते, अभ्यास करते, विचारलं तेवढं बोलते. मी एकदा म्हणालो, "बाई, कागदावर लिही, मी कुणाला दाखवणार न्हाई." ती म्हणाली, "लिहायला काही येतच न्हाई आता, आबा. शब्द आला की आधी वाटतं, हा चालंल का?" चौदा वर्षांच्या लेकराचं हे बोलणं. तिची शब्दांशी गट्टी तुटू नये एवढंच मला या वयात हवं होतं. आणि ती माझ्या डोळ्यांसमोर तुटतेय.

पण तिच्याहून जास्त मीच बिघडलो. त्या तीन ओळी मला पाठ आहेत. तिच्या आजीचा हात, काठावरचा गारवा, सगळं त्यांच्यात आहे, हे मला ठाऊक आहे. तरी म्हणायला गेलो की 'बसू दे'पाशी थांबतो आणि पोरगी कुठं आहे ते बघून येतो. जन्मभर कविता वाचलेल्या माणसाला आता कविता वाचता येत नाही. न्हाणीघरात तिला उशीर झाला तर मी अंगणातून खोकतो. ओ आली की बागेला पाणी घालत असल्यासारखं करतो. तुम्ही तिची पाटी पुसून दिली असती. की न वाचता पुसायची हिंमत तुम्हालाही आज झाली नसती?

इथपर्यंत लिहिलं आणि दारात कुणी हाक मारली. बघतो तर वरच्या आळीतला एक माणूस, कधी राम-रामापलीकडे बोलणं नाही. आज बाजाराचा दिवस, हातात भाजीची पिशवी. ओसरीवर टेकला आणि आवाज बारीक करून म्हणाला, "आबा, तुम्हाला कवितेतलं बराबर कळतं म्हणत्यात. आमच्या पोरीनं वहीत काहीतरी लिहिलंय. ती भांडी घासायला बसल्ती, तव्हा फोटो काढला मोबाईलवर. वाचून एवढंच सांगा, काही वेडंवाकडं तर न्हाई ना त्यात?"

त्यानं मोबाईल पुढे धरलाय. एक कोवळं, उजवीकडे झुकलेलं अक्षर दिसतंय. गुरुजी, मी चष्मा लावलाय.