चौदा चॅनेल आणि आणखी एक स्कॅन

३ मार्च, सोमवार
केबल तोडली. केबलवाल्याला सांगितलं, डिजिटल सिग्नल हवेतून फुकट येतो, पकडायला फक्त अँटेना आणि थोडं डोकं लागतं. तो हसला. अडाणी माणसं अशीच हसतात.
सोळाला, रविवारी सकाळी अकराला बायकोचं गायनमंडळ टीव्हीवर आहे. रेकॉर्डिंग कधीच झालंय. तिला शब्द दिला, घरबसल्या लख्ख दिसेल. सासूबाई म्हणाल्या, खालच्या शिंप्याकडे केबल आहे, तिथेच बघू. दुर्लक्ष केलं.

५ मार्च
गच्चीवर अँटेना चढवला. ऑटो स्कॅन. सापडलेली चॅनेल : शून्य. टीव्हीच हलक्या प्रतीचा आहे. (सासरहून आलेला.)

८ मार्च, सकाळी
मी गच्चीवर, बायको टीव्हीपुढे. सिग्नलची क्वालिटी किती टक्के, एवढंच तिने जिन्यातून ओरडून सांगायचं. मधेच गुणगुणत बसते. मी टक्के विचारतो, ती सूर लावते. सांगितलं, सोळापर्यंत गाणं बंद ठेव, कामात व्यत्यय येतो. गुणगुणणं थांबलं. पटलं असावं.

११ मार्च
अजून शून्य. शिंपी गच्चीवर कपडे वाळत घालायला आला होता. म्हणे टीव्हीचा टॉवर तुमच्या पाठीमागे आहे. सुईत दोरा ओवायला ज्याला चष्मा लागतो, तो मला टॉवर दाखवणार!

१२ मार्च
पूर्णपणे स्वतंत्र विचार करून अँटेना उलटा फिरवला. चौदा चॅनेल! बायकोचंही त्यात आहे. क्वालिटी अडुसष्ट. शिंप्याला मुद्दाम काही सांगितलं नाही. उगाच श्रेय घ्यायचा.

१६ मार्च, सकाळी १०.३५
बायको नवे कपडे घालून, सासूबाई उशी घेऊन तयार. चित्र ठीक आहे, पण अडुसष्ट म्हणजे काठावर पास. अँटेना जरासा वळवून पुन्हा स्कॅन केलं की ऐंशी नक्की. बायको म्हणाली, "दिसतंय ना? मग आता हात लावू नका." तंत्रज्ञान हा हिचा प्रांत नव्हे.

१०.४८
स्कॅन चालू. हे यंत्र आधी जुनी चॅनेल पुसतं आणि मग नवी शोधतं. पुस्तिकेत लिहिलंय म्हणे. पुस्तिका कोण वाचतं?

१०.५५
दोन सापडली. एकावर हवामान, एकावर काळोख. पुन्हा गच्चीवर.

१०.५८
खाली आलो तर घरात कोणी नाही. दोघी शिंप्याकडे गेल्या. धीर म्हणून नाही लोकांना.

११.३२
चौदाच्या चौदा परत आली! क्वालिटी ऐंशी! बायकोच्या चॅनेलवर कलाकारांची नावं सरकत होती. तिचं सगळ्यात वर होतं. अक्षरं अगदी स्वच्छ.

१७ मार्च
शिंप्याने जिन्यात अडवलं. म्हणाला, वहिनी एकट्या गायल्या ते कडवं ऐकताना मशीन बंद ठेवलं होतं, सासूबाई तर रडल्याच.
एकटी गायली? मला पत्ताच नव्हता. घरी येऊन बायकोला विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस.
"सांगितलं होतं," ती म्हणाली. "दोनदा."
पुन्हा कधी दाखवणार, विचारलं. नाही दाखवणार म्हणाली आणि आत गेली.
संध्याकाळी टीव्हीपुढे बसलो. क्वालिटी अजून ऐंशीच आहे. चौदाही चॅनेल बघितली. कशावरच काही नाही.