सगळे पेशंट गेल्यावर

खरवई, बदलापूर
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

प्रिय सम्यक,

सप्रेम जय भीम. आज सकाळी पाणी उशिरा आलं. कपडे धुतले. दुपारी काकांच्या कंपनीचे मॅनेजर येऊन त्यांची बॅग आणि टॅब घेऊन गेले. बाकी काही नाही.

काकांच्या जागेवर तुझं नाव पक्कं होतंय आणि सोमवारी तुला हो-नाही कळवायचंय, हे मॅनेजरांनीच सांगितलं. परवा तू फोनवर विचारलंस, "काकू, ही लाइन कशी आहे, खरं सांग." मी कुकरचं निमित्त करून फोन ठेवला. बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते.

लाइन वाईट नाही. हे घर त्याच नोकरीवर झालं. दिवसभर कोणी डोक्यावर उभं नसतं. सलाइनचे सेट, कॅथेटर, ड्रेसिंगचं सामान, काका जे विकायचे ते माणसाच्या उपयोगाचं होतं. उल्हासनगर कॅम्प दोनमधले सर्जिकल दुकानाचे शेठ त्यांना पाहिलं की "आओ साईं, पहले चाय, फिर धंधा" म्हणायचे. तुझ्या आजीला श्वास लागला तेव्हा उल्हासनगरात कुठेच बेड मिळत नव्हता. काकांच्या एका फोनवर मिळाला. आजी वॉर्डभर सांगत होती, "माझ्या राजरत्नला डाक्टर लोक नावानं हाक मारतात."

पण माणूस थकतो. महिना संपत आला की टार्गेट. स्वतःच्या मुलीच्या, आपल्या भावनाच्या हळदीतही ते मांडवामागे फोनवर होते. डबा खायचे तो चार वाजता, कुठेतरी सावलीत गाडी लावून. मे महिन्यातही गळ्यात टाय. आणि सगळ्यात जास्त म्हणजे थांबणं. आधी पेशंट, मग काकांसारखे कंपनीचे एमआर, हा सगळ्या दवाखान्यांचा रिवाज. एखादा डॉक्टर ताटकळत ठेवून "आज नको" म्हणायचा, तरी हसून "थँक यू सर" म्हणायचं. ते हसू घरी आल्यावरही तोंडावर तसंच असायचं. मी म्हणायचे, "अहो, मी डॉक्टर नाही, ते हसणं काढून ठेवा." मग खरे हसायचे.

आता जे मी कुणालाच सांगितलं नाही, ते. तुम्हाला सगळ्यांना एवढंच माहीत आहे की काका अंबरनाथला एका दवाखान्यात वारले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला तिथली काउंटरवरची मुलगी आली होती. स्वयंपाकघरात माझा हात धरून रडली. त्या संध्याकाळी छातीत दुखायला लागलं म्हणून काका ओळखीच्या डॉक्टरांकडे गेले असणार. मला तसा फोन केला होता, "जरा दाखवून येतो." गळ्यात टाय, हातात बॅग. ती नेहमीसारखी म्हणाली, "सर, पेशंट झाले की सोडते." हे म्हणाले, "चालेल, होऊ द्या." आणि आपल्या नेहमीच्या, शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले. आत डॉक्टर, मध्ये एक दार. सगळे पेशंट गेल्यावर तिने हाक मारली, तेव्हा ते उठले नाहीत. तिचा दोष नाही. तिने बॅग पाहिली. मला कळत नाही ते एवढंच की इतक्या दुखण्यातही हे "होऊ द्या" कसे म्हणाले. सवयच ती, दुसरं काय.

नोकरी घे किंवा नको घेऊस, मी अडवणार नाही. पण घेतलीस तर त्याच दवाखान्यात, त्याच खुर्चीवर तू बसशील, म्हणून हे पत्र. ज्या दिवशी बरं वाटत नसेल त्या दिवशी बॅग गाडीलाच राहू दे, टाय खिशात घाल, आणि आत गेल्या गेल्या मोठ्याने सांग, आज मी पेशंट आहे, मला आधी सोडा. लाजू नकोस. एवढं मला कबूल कर, मग सोमवारी काय सांगायचं ते सांग. मॅनेजरांनी अर्धा चहा टाकला, कप अजून ओट्यावर आहे. तो विसळते आणि मूठभर तांदूळ लावते.

तुझीच,
सुनंदा काकू